अँडीजमधले शिंपल्यांचे दागिने आणि मानमरातब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेरू आणि इक्वेडोरच्या प्राचीन संस्कृती म्हटल्या की बहुतेकांना आधी सोनं आठवतं. स्पॅनिश लोक सोन्यामागे धावले आणि गोष्टीही त्याच्याच उरल्या. पण त्या समाजांत कोण मोठा, देवाजवळ कोणाला जागा, कोणाच्या पावलांखाली काय अंथरायचं, हे ज्या वस्तूवरून कळायचं ती समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून वाढत होती. त्या शिंपल्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सोन्यापेक्षा शिंपला मोलाचा होता, हे खरंच का?

याचं सर्वांत बोलकं उत्तर एका तराफ्यावर सापडतं. १५२६ साली, पुढे पेरू जिंकणाऱ्या स्पॅनिश फ्रान्सिस्को पिसारोचा सुकाणूकार बार्तोलोमे रुईस इक्वेडोरच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे चालला होता. वाटेत त्याने शीड लावलेला एक भलामोठा बल्सा लाकडाचा तराफा अडवला. त्यावर वीसेक माणसं होती. माल होता सोन्याचांदीचे मुकुट, पट्टे आणि कडी, चांदीने मढवलेले आरसे, पाचू, रंगीत लोकरी आणि सुती कापड. सोनं तोलायचे लहानसे तराजूसुद्धा होते. एवढा ऐवज कशासाठी चालला होता, तेही त्या वेळच्या अहवालात लिहून ठेवलेलं आहे : ज्यांच्यापासून लाल आणि पांढरे मणी करतात ते शिंपले घेण्यासाठी.

म्हणजे ती माणसं सोनं देऊन शिंपले आणायला निघाली होती.

तरीही ‘सोन्यापेक्षा मोलाचा’ हे वाक्य मी जपून वापरेन. स्पॅनिश आले तेव्हा अँडीजवर राज्य करणाऱ्या इंकांच्या दृष्टीने सोनं सूर्याचं, चांदी चंद्राची आणि शिंपला समुद्राचा. थोर माणसाला तिन्ही लागत आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नसे. फरक एवढाच की सोनं अँडीजच्या डोंगरांत आणि नद्यांत मिळे. हा शिंपला मात्र बहुतेक राजांच्या सीमेपलीकडच्या समुद्रातून, परक्या माणसांच्या हातून आणावा लागे.

हा नेमका कोणता शिंपला?

स्पाँडिलस. कवचावर लांब काटे असल्यामुळे त्याला काटेरी शिंपला म्हणता येईल. इंकांच्या केचुआ भाषेत त्याला मुल्यू म्हणतात. अँडीजच्या दागिन्यांत त्याच्या दोन जाती मुख्य आहेत. एक नारिंगी-लाल रंगाची, काटे जास्त असलेली. दुसरी आकाराने मोठी, जड, आणि आतल्या कडेला जांभळा पट्टा असलेली. तसा हा प्राणी कालवांपेक्षा स्कॅलॉपच्या जवळचा आहे. त्याच्या मांसल कडेला बारीक डोळ्यांची रांग असते आणि सावली पडली की तो झाप मिटून घेतो.

दागिन्यांत इतरही शिंपले होते. मोत्याच्या शिंपल्याचा चमकदार थर, कोनस जातीचे शंख, जांभळट कवचाची कालवं, सगळ्यांचे मणी आणि जडावकाम झालेलं आहे. पण मानाचा पहिला शिंपला स्पाँडिलसच.

पेरूला एवढा मोठा समुद्रकिनारा आहे, मग शिंपला बाहेरून का आणावा लागे?

कारण पेरूचा समुद्र थंड आहे. अंटार्क्टिकाच्या बाजूने वर येणारा हम्बोल्ट प्रवाह पेरूच्या किनाऱ्याला खेटून वाहतो. त्या पाण्यात मासळी अमाप, पण स्पाँडिलसला उबदार पाणी लागतं. त्याचा पट्टा मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातापासून इक्वेडोरपर्यंत आणि फार तर पेरूच्या अगदी उत्तर टोकापर्यंत. तिथून खाली इंकांची राजधानी कुस्को किंवा डोंगरातलं तितिकाका सरोवर गाठायचं म्हणजे शेकडो मैलांचं वाळवंट आणि त्यावर हिमाच्छादित डोंगर.

याच थंड प्रवाहामुळे पेरूचा किनारा कोरडा ठणठणीत राहतो. पाऊस जवळजवळ नाहीच, शेती सगळी डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांच्या पाटांवर. मग काही वर्षांनी एल निन्यो येतो. उष्ण पाणी दक्षिणेकडे सरकतं, त्याच्याबरोबर उष्ण पाण्यातले जीवही दिसू लागतात आणि कोरड्या किनाऱ्यावर धो धो पाऊस कोसळतो, कधी शेतं फुलवणारा, कधी गावंच्या गावं वाहून नेणारा. समुद्रातला हा लाल जीव आणि आकाशातलं पाणी यांचं नातं त्या लोकांनी कसं जोडलं असेल, हे या भूगोलाकडे पाहिलं की उमजतं.

समुद्रातून तो काढत कोण?

इक्वेडोरच्या मानाबी आणि सांता एलेना भागातले पाणबुडे. जांभळ्या कडेचा शिंपला तुलनेने उथळ पाण्यातही सापडतो. लाल शिंपला मात्र खोल असतो. त्यासाठी एका दमात दहा-पंधरा मीटर, कधी त्याहूनही खाली जावं लागे. खाली गेल्यावर तो नुसता उचलता येत नाही. त्याची एक झाप खडकाला सिमेंटसारखी चिकटलेली असते. काटे हाताला लागतात, वर समुद्री शेवाळ आणि इतर जीव वाढल्याने तो पटकन ओळखूही येत नाही. हत्याराने उचकटायचा, तो घेऊन वर यायचं आणि हे सगळं छातीत हवा आहे तोवर.

चिमू, म्हणजे इंकांआधीच्या उत्तर पेरूतल्या राज्याच्या काळातल्या काही कर्णभूषणांवर हे दृश्य कोरलेलं आहे : वर तराफा, त्यावर बसलेली माणसं, आणि दोरांनी बांधलेले पाणबुडे खाली शिंपले गोळा करताहेत. मला ही कलाकृती फार महत्त्वाची वाटते. जगातल्या बहुतेक राजदागिन्यांवर तो दागिना घडवण्यासाठी राबलेल्या मजुराचं चित्र नसतं. इथे ज्याच्या कानात तो दागिना असे, त्याच्याच कानावर पाणबुड्याचं चित्र होतं. मालकाला तो धोका मिरवायचा असेल, पण त्यामुळे पाणबुड्याची आठवण टिकली.

शिंपल्याचा मणी कसा बनत असे?

आधी काटे तोडून, घासून काढायचे. मग रंगीत भाग वेगळा करायचा. इथेच मोठी नासाडी होते, कारण शिंपला आतून पांढरा असतो आणि लाल किंवा जांभळा रंग बाहेरच्या थरात आणि कडेलाच असतो. त्या पट्टीचे छोटे तुकडे पाडायचे, दगडी टोच्याने मधोमध भोक पाडायचं, आणि वाळूच्या दगडावर पाणी घालत घासून कडा गोल करायच्या. शेवटी दोऱ्यात ओवून एका मापाचे करायचे.

या मण्यांना स्पॅनिशांनी चाकीरा असं नाव दिलं. काही मणी दोन-तीन मिलिमीटरचे आहेत. त्यांचं भोक पाडणारा हात किती स्थिर असला पाहिजे याची कल्पना करा, आणि मग हेही की छातीवर पसरणाऱ्या एका गळपट्ट्याला असे मणी हजारोंनी लागत. इक्वेडोरच्या सालांगो परिसरात शिंपल्याचं काम करणाऱ्या वस्त्यांचे अवशेष मिळाले आहेत. पेरूच्या तुंबेस भागात काबेसा दे वाका इथे इंका काळातली कार्यशाळा उजेडात आली. अर्धवट भोक पाडलेले, मध्येच तुटलेले, टाकून दिलेले तुकडे हाच या कारागिरांबद्दलचा मोठा पुरावा आहे. त्यांची नावं कुठेच नाहीत.

सर्वांत जुने शिंपल्याचे दागिने कुठे सापडले?

इक्वेडोरच्या किनाऱ्यावरच्या वाल्दिव्हिया संस्कृतीत इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातच स्पाँडिलस वापरात होता. त्याच सुमारास तो दक्षिणेला पेरूत कारालपर्यंत पोचलेला दिसतो. काराल हे दोन्ही अमेरिका खंडांतल्या सर्वांत जुन्या नगरांपैकी एक. तिथे मातीची भांडी अजून आली नव्हती, पण दूरच्या समुद्रातला शिंपला आला होता.

कारालचंच मच्छीमारांचं भावंड म्हणावं अशी वस्ती म्हणजे आस्पेरो. तिथे २०१६ मध्ये सुमारे ४५०० वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचं दफन जाहीर झालं. तिच्यासोबत पक्षी आणि माकडांच्या आकारात कोरलेल्या हाडाच्या चार तुपू, म्हणजे वस्त्र अडकवायच्या टाचण्या होत्या. त्यावरूनच ती ‘चार तुपूंची बाई’ म्हणून ओळखली जाते. तिच्या गळ्यातल्या शिंपल्याच्या माळेत स्पाँडिलसही होता. म्हणजे ज्याच्या कबरीबद्दल पुढे येईलच, त्या सिपानच्या राजाच्याही कितीतरी आधी, पिरॅमिडसारख्या चौथऱ्यांच्या पहिल्याच पिढ्यांत, या शिंपल्याने एका बाईचा मान सांगितला होता.

चावीनमध्ये शिंपला दागिना होता की देवाची वस्तू?

तिथे दोन्ही एकमेकांत मिसळलेलं आहे. चावीन दे वांतार हे पेरूच्या उंच डोंगरातलं देवस्थान इ.स.पू. पहिल्या सहस्रकात भरभराटीला आलं. तिथल्या शिल्पात देव एका हातात शंख आणि दुसऱ्या हातात स्पाँडिलस धरून उभा आहे. या जोडीचे पुढे नर-मादी, डावं-उजवं असे अनेक अर्थ लावले गेले. मला त्यातली अधिक ठोस गोष्ट वाटते ती अशी : समुद्र जिथून दिसतही नाही अशा, तीन हजार मीटरहून उंच ठिकाणी देवाची ओळख समुद्रातल्या दोन वस्तूंनी होते.

२००१ मध्ये तिथल्या एका भुयारी दालनात शंखांपासून केलेली, तुताऱ्यांसारखी वीस वाद्यं सापडली. त्यांना पुतुतू म्हणतात. त्यांच्या कडा वापरून वापरून गुळगुळीत झाल्या होत्या आणि काहींवर कोरीवकाम होतं.

पुतुतू आणि आपल्याकडचा शंख एकच का?

नाही. आपल्या देवघरातला शंख हिंदी महासागरातला, वेगळ्या जातीचा. पुतुतूचा शंख पॅसिफिकच्या उबदार पाण्यातला. टोक कापून फुंकायची युक्ती दोन्हीकडे सारखी आहे, पण त्यावरून दोन संस्कृतींचा संपर्क होता असा निष्कर्ष काढायला काही आधार नाही. कुस्कोच्या परिसरातल्या काही गावांत गावप्रमुख आजही सणाच्या दिवशी पुतुतू फुंकतात.

सिपानच्या राजाच्या कबरीत शिंपले होते का?

होते, आणि पुष्कळ. १९८७ मध्ये वॉल्टर आल्वा यांनी पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर सिपान इथे मोचे संस्कृतीतल्या एका सत्ताधीशाची न लुटलेली कबर उघडली. ती साधारण इ.स. तिसऱ्या शतकाच्या आसपासची. सोन्याचांदीच्या शेंगदाण्यांची माळ, पिरोजा जडवलेली कर्णभूषणं यांची छायाचित्रं जगभर गेली. त्यामानाने शिंपल्याच्या मण्यांचे छातीवरचे रुंद पट्टे कमी पाहिले गेले. ते खांद्यांवरून छातीभर पसरणारे, लाल, पांढऱ्या, हिरवट मण्यांनी किरणांसारखे किंवा पट्ट्यापट्ट्यांनी विणलेले असत. शिवाय कबरीत अख्खे स्पाँडिलसही ठेवलेले होते.

असे पट्टे जमिनीतून काढणं ही अवघड गोष्ट आहे. सुती दोरा केव्हाच कुजलेला असतो. मणी मात्र विणल्या क्रमाने मातीत पडून असतात. घाईने एक बोट लागलं तरी नक्षी कायमची विस्कटते. म्हणूनच लुटारूंनी उपसलेल्या कबरींतून आपल्याला सोनं कुठे गेलं हे कधीमधी कळतं, पण मण्यांची नक्षी कळत नाही. लुटारू ते मणी मूठभर घेतात किंवा फेकून देतात. सिपानच्या त्याच टेकाडातली एक कबर आल्वा पोचण्याआधी लुटली गेली होती. तिच्यातल्या मण्यांच्या कामाची भरपाई आता कशानेच होणार नाही.

राजाच्या पायाखाली शिंपल्याची पूड टाकत, ही दंतकथा आहे का?

कथा आहे, पण तिला पाठबळ आहे. मिगेल काबेयो बाल्बोआ या स्पॅनिश लेखकाने १५८६ मध्ये पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या लांबायेके भागातली एक परंपरा लिहून ठेवली. न्याइमलाप नावाचा राजा तराफ्यांच्या ताफ्यातून समुद्रमार्गे आला. त्याच्याबरोबर त्याचे मानकरी होते आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं. पीता सोफी शंख फुंकणारा. निनाकोला पालखी आणि सिंहासन सांभाळणारा. कोणी पेयांचा, कोणी चेहऱ्यावरच्या रंगांचा, कोणी पिसांच्या वस्त्रांचा जबाबदार. आणि फोंगा सिग्दे याचं काम एवढंच, की धनी जिथे पाऊल टाकणार त्या जमिनीवर आधी शिंपल्याची पूड पसरायची.

या एका कामात मानाची सगळी कल्पना सामावलेली आहे. पाणबुड्याने जीव धोक्यात घालून काढलेला, तराफ्यावरून दिवसचे दिवस आणलेला, एखाद्या मण्याएवढा तुकडाही ज्याचा जपून ठेवावा असा शिंपला, तो कुटून धूळ करायचा आणि त्यावरून एका माणसाने चालायचं. दागिना अंगावर घालणारे अनेक असतील. त्यावर पाय देणारा एकच.

चिमू राजधानी चान चानच्या राजघराण्याच्या दफनमंचांतही स्पाँडिलस सापडला आहे : अख्खा, कापलेला आणि कुटून पूड केलेलाही.

एका कबरीत जास्तीत जास्त किती शिंपले ठेवलेले सापडले?

नेहमी दिलं जाणारं उदाहरण उत्तर पेरूतल्या सिकान संस्कृतीतलं आहे. इझुमी शिमादा यांच्या चमूने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हुआका लोरो इथली पूर्वेकडची कबर खणली. ती सुमारे इ.स. १००० ची. त्यात एकूण ऐवज टनाच्या वर होता आणि त्यातला बहुतांश धातूचा. त्यातच १७९ स्पाँडिलस आणि १४१ कोनस शंखांचा एक साठा होता. मण्यांचे ढीग वेगळे.

हे शिंपले अख्खे आहेत, दागिने नाहीत, हे लक्षात घ्या. कच्चा माल इतक्या संख्येने जमिनीखाली गाडणं म्हणजे त्याचे जे हजारो मणी होऊ शकले असते ते जिवंतांना नाकारणं. सिकानचे सत्ताधीश तांब्याच्या मिश्रधातूचं उत्पादन मोठ्या प्रमाणावर करत होते आणि उत्तरेशी त्यांचा व्यापार होता. शिंपल्यांचा हा साठा त्या व्यापारावर त्यांची किती पकड होती हेच दाखवतो.

शिंपल्याचे दागिने कोण घालू शकत असे? सामान्य माणसाकडे काहीच नसे का?

लेखी नियमावली नाही, कारण अँडीजमध्ये लेखनच नव्हतं. आपल्याला दफनांवरूनच बोलावं लागतं. तिथलं चित्र एकसारखं नाही, पण सर्वसाधारण उतरंड दिसते. साध्या दफनात मडकी, सुती कापड, फार तर स्थानिक शिंपल्याचे थोडे मणी किंवा स्पाँडिलसचा एखादा तुकडा. कारागीर, स्थानिक मुखिया यांच्याकडे माळा आणि मनगटातले पट्टे. छातीभर पसरणारे मण्यांचे पट्टे, जडावाची कर्णभूषणं आणि अख्खे शिंपले वरच्या मोजक्या लोकांपाशी.

कर्णभूषणांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. कानाच्या पाळीला मोठं भोक पाडून त्यात नळीसारखं दांडकं आणि पुढे गोल तबकडी असा हा दागिना. तबकडीवर शिंपला, पिरोजा, सोनं यांच्या तुकड्यांची चित्रं जडवलेली असत. वारी (इंकांआधीचं डोंगरातलं साम्राज्य), मोचे, चिमू सगळ्यांकडे तो होता. इंका काळात तर कानाचं भोक हीच उच्चकुळाची खूण होती. स्पॅनिशांनी इंका सरदारांना ‘ओरेहोनेस’, म्हणजे मोठ्या कानांचे, असंच नाव ठेवलं. दागिना काढून ठेवला तरी ताणलेली पाळी तशीच राहते. मान अंगातच कोरला जातो.

स्त्रियांचं यात स्थान काय?

केवळ राजाच्या पत्नी म्हणून त्यांच्याकडे पाहणं चुकीचं ठरेल. आस्पेरोची स्त्री वर आलीच आहे. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सान होसे दे मोरोमध्ये मोचे पुरोहित स्त्रियांची दफनं मिळाली, आणि मोचे चित्रांतल्या विधींत दिसणारी पुरोहितीण खरोखर होती हे त्यांनी सिद्ध केलं. लांबायेकेजवळ चोर्नांकाप इथे २०११ मध्ये सोनं, चांदी आणि शिंपल्याच्या दागिन्यांसह पुरलेली एक अधिकारी स्त्री सापडली. पूर्वी भरजरी कबर दिसली की आतला माणूस पुरुषच असणार असं धरून चालत. आता हाडांचा अभ्यास आधी होतो.

देव शिंपले खातात, ही कल्पना कुठून आली?

वारोचिरी नावाच्या पेरूतल्या डोंगराळ प्रांतातल्या देवकथा १६०८च्या सुमारास केचुआ भाषेत लिहिल्या गेल्या. त्यातली एक कथा अशी : इंका सम्राटाला बंडखोर आवरेनात. त्याने सगळ्या प्रांतांच्या देवांना बोलावलं. बाकीचे गप्प बसले, पण पारियाकाका या पर्वतदेवाचा मुलगा माकाविसा उठला आणि पाऊस व विजांनी त्याने बंडखोरांना धुऊन काढलं. खूश झालेल्या सम्राटाने त्याच्यापुढे जेवण ठेवलं. माकाविसा म्हणाला, हे माझं अन्न नव्हे, मुल्यू आण. शिंपले आल्यावर त्याने ते कडाकडा चावून लगेच फस्त केले.

पाऊस पाडणाऱ्या देवाने शिंपलाच मागितला, ही गोष्ट सुटी नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या स्पॅनिश लेखकांनी नोंदवलं आहे की लोक झऱ्यांना आणि पाटांना शिंपले वाहत. समुद्र ही सगळ्या पाण्यांची आई आणि शिंपले तिच्या लेकी, म्हणून लेकीला पाहून पाणी येतं, अशी त्यांची समजूत होती. आता पुन्हा त्या छातीवरच्या लाल पट्ट्यांचा विचार करा. ज्या मुलखात पाटाला पाणी आलं तरच मका उगवतो, तिथे अंगभर शिंपले घालून लोकांपुढे येणारा माणूस ‘मी श्रीमंत आहे’ एवढंच म्हणत नव्हता. पाण्याशी आपलं बोलणं आहे, असा त्याचा दावा होता. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे, आणि दागिन्यांकडे नुसती चैन म्हणून पाहिलं की ती हातून निसटते.

या दाव्यात जोखीमही होती. न्याइमलापच्या वंशातल्या फेंपेयेक या शेवटच्या राजाच्या काळात आधी तीस दिवस पाऊस आणि मग दुष्काळ पडला, तेव्हा लोकांनी त्याला बांधून समुद्रात फेकलं, असं तीच परंपरा सांगते.

इंकांच्या बालबळींजवळ शिंपल्याच्या मूर्ती का होत्या?

अर्जेंटिनातल्या यूयाइयाको शिखरावर, ६७३९ मीटर उंचीवर, १९९९ मध्ये योहान राइनहार्ड आणि कोन्स्तान्सा सेरुती यांच्या मोहिमेला तीन मुलांची गोठलेली शरीरं मिळाली. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी त्यांना कापाकोचा विधीत अर्पण केलं होतं. त्यांच्याजवळ सोन्याच्या, चांदीच्या आणि स्पाँडिलसच्या लहानशा मानवी आणि लामा-मूर्ती होत्या. काहींना खऱ्या कापडाचे इवलेसे कपडे आणि पिसांचे मुकुट. तितिकाका सरोवरातही तेच दिसतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पाण्याखालच्या एका दगडी पेटीत स्पाँडिलसचा लामा आणि गुंडाळलेला सोन्याचा पत्रा मिळाल्याचं सांगितलं आहे. इंका येण्याआधी सरोवराजवळच्या तिवानाकू संस्कृतीच्या लोकांनीही याच सरोवरात शिंपले अर्पण केले होते.

समुद्राच्या तळातली वस्तू बर्फाच्या शिखरावर नेण्यात पाण्याचा सगळा प्रवास जोडलेला आहे : समुद्र, ढग, हिम, नदी. ती मुलं या साखळीत साधन म्हणून वापरली गेली. त्या वेळच्या लोकांनी हा मोठा मान मानला, हे समजून घेता येतं. ते योग्य होतं असं वाटून घेण्याची गरज नाही.

शिंपले पैशासारखे चालत का?

काही भागांत, काही प्रमाणात. इक्वेडोरच्या उत्तर डोंगराळ भागात मिंदाला नावाचे व्यापारी मुखियांच्या आश्रयाने चाकीराच्या माळांचा व्यवहार करत आणि तिथे मणी बऱ्याच वस्तूंच्या बदल्यात चालत. दक्षिणेला पेरूत तसं दिसत नाही. तिथे शिंपला दिला जाई, वाटला जाई, अर्पण होई, पण बाजारात मोजून खर्च होई असा पुरावा तोकडा आहे. वसाहतकाळातला एक कागद पेरूच्या किनाऱ्यावरच्या चिंचा नावाच्या खोऱ्यातल्या सहा हजार व्यापाऱ्यांचा उल्लेख करतो, जे उत्तरेला इक्वेडोरमधल्या कितो आणि पुएर्तो व्हिएहोपर्यंत जात. आकडा फुगवलेला असू शकतो, पण चिंचाचा मुखिया खरोखर बडा होता. १५३२ मध्ये काहामार्काला, जिथे स्पॅनिशांशी गाठ पडली, इंका सम्राट आताउआल्पाबरोबर तोही पालखीतून आला होता.

स्पॅनिश आल्यावर काय झालं?

राजे गेले, तसे छातीवरचे पट्टेही गेले. लांबचा व्यापार आटला. पण लोकांची श्रद्धा लगेच आटली नाही. मूर्तिपूजा मोडून काढायला गावोगाव फिरलेल्या पाब्लो होसे दे आरियागा या जेझुइट पाद्र्याने १६२१ मध्ये लिहिलं आहे की लोक मुल्यूचे बारीक तुकडे जवळ बाळगतात आणि नखापेक्षाही लहान तुकडा एकाने चार रेआल (स्पॅनिश चांदीची नाणी) देऊन विकत घेतला होता. साम्राज्य कोसळून नव्वद वर्षं झाली होती. राजाचा मान मिटला, पण पाण्यासाठी वाहायचा तुकडा लोकांनी पदरमोड करून मिळवला.

आज स्पाँडिलसचा दागिना विकत घ्यावा का?

जुना म्हणून कोणी विकत असेल तर मुळीच नाही. तो बहुधा लुटलेल्या कबरीतला असतो, आणि पेरूतून पुरातन वस्तू बाहेर नेणं गुन्हा आहे. नव्याबद्दलही चौकशी करावी. अलीकडच्या दशकांत मांसासाठी आणि कवचासाठी इक्वेडोरमध्ये इतका उपसा झाला की लाल शिंपला दुर्मीळ झाला आणि २००९ मध्ये सरकारने तो काढण्यावर बंदी घातली. त्याच किनाऱ्यावरच्या रस्त्याला पर्यटनासाठी ‘स्पाँडिलस मार्ग’ असं नाव आहे, आणि वाटेत त्याच्या वस्तू विकायला असतात. त्या नेमक्या कशाच्या आणि कुठून आल्या, हे विक्रेत्याला विचारायला संकोच करू नका.

हे दागिने प्रत्यक्ष कुठे पाहता येतील?

उत्तर पेरूत लांबायेके शहरातलं सिपानच्या राजकबरींचं संग्रहालय आणि जवळच फेरेन्याफेमधलं सिकान संग्रहालय. दोन्ही एका दिवसात होतात, पण घाई करू नये. लिमात लार्को संग्रहालयात चिमूंच्या मण्यांचे पट्टे आहेत. यूयाइयाकोच्या मूर्ती अर्जेंटिनात साल्ताच्या उंच पर्वतीय पुरातत्त्व संग्रहालयात. पाणबुड्यांची आणि कारागिरांची बाजू पाहायची असेल तर इक्वेडोरमध्ये सालांगोचं छोटं संग्रहालय गाठावं. ते ज्या गावात आहे, तिथले लोक आजही समुद्रावरच पोट भरतात.